सात नंबरचा रंग

पुणे, १६ मे २०१९

दादा,

पत्राची सुरुवात कशी करायची ते चौथीत गुरुजींनी आपल्याकडून पाठ करून घेतलं होतं. पण तो मायना सगळं सुरळीत असलेल्या माणसांसाठी असतो. म्हणून नुसतं दादा.

फोन तू उचलत नाहीस. काल मी अकरा वेळा लावला. शेवटी वहिनीच्या फोनवर लावला, तर ती म्हणाली, वैरण आणायला गेलेत, आले की सांगते. तू तिथेच बाजूला होतास. तुझं खाकरणं मला ऐकू आलं. लहानपणापासून ऊसतोडीवर एका पालात झोपलेलो आपण, तुझं खाकरणं मला कळणार नाही होय? बिचाऱ्या वहिनीला खोटं बोलता येत नाही. तिला असल्या कामाला लावत जाऊ नकोस.

पत्ता चारा छावणीचा टाकलाय, दूध संस्थेच्या मार्फत. सुंदरराव चेअरमन रोज सकाळी चारा वाटायला काट्यावर उभे असतात, ते देतील तुझ्या हातात. त्यांना माझं अक्षर ओळखू येईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्या छावणीची चाऱ्याची वही मीच लिहीत होते, मोठ्या जनावराला पंधरा किलो, वासराला साडेसात. त्या वहीच्या पानाचा फोटो तू तुमच्या कबड्डी संघाच्या पंडित सरांना दाखवलास आणि म्हणालास, माझी बहीण हाय, बीपीएडला हाय, उन्हाळ्यात दोन महिने शिकायला ठेवून घ्या. संघाच्या ट्रेनरने कुणाचं सर्टिफिकेट न बघता नुसत्या अक्षरावर मुलगी ठेवून घेतली असं कधी झालं नसेल.

तू न सांगता निघून गेलास त्याला आज तीन दिवस झाले. तुझी गोळ्यांची पिशवी खाटेखाली राहिली होती, ती वेगळ्या पार्सलने पाठवली आहे. डॉक्टरबाईंचा कागदही त्यात आहे. वहिनीने विचारलं तर तो कागद कशाचा ते तूच सांग. मी शब्द दिल्याप्रमाणे घरी काही बोलले नाही. माय विचारत होती की तुला, तिच्या गहिनीला, सुट्टी कशी काय मिळाली, मी म्हटलं ऊन लागलं होतं, विश्रांतीला पाठवलंय.

इकडे सगळं तसंच चाललंय. सकाळी साडेपाचला मी काट्यापाशी बसते. सरावाआधी एकदा वजन, सरावानंतर एकदा. एक किलो घटलं तर दीड लिटर पाणी, दोन घटलं तर तीन. आपल्याकडं टँकर आठ दिवसांनी येतो आणि इथं मी माणसांच्या घामाचा हिशेब ठेवून त्यांना पाणी पाजते. पहिल्या आठवड्यात एका पोराने अर्धी बाटली मॅटबाहेर ओतली तेव्हा मी इतकी जोरात ओरडले की सगळा हॉल थांबला होता. तू त्या दिवशी पोट धरून हसला होतास. आठवतंय ना?

एप्रिलमध्ये मी आले तेव्हा तू स्टँडवर घ्यायला आला होतास, संघाचा निळा टी-शर्ट घालून. ऊसतोडीशिवाय मी जिल्ह्याबाहेर कधी पडले नव्हते. ट्रकमधून गावं बघितलेली, खिडकीच्या सीटवरून पहिल्यांदाच. माझी बॅग घेताना तू म्हणालास, "सरे, आता आपल्या घरातलं कुणी कोयता धरणार न्हाई. दोन वर्षं दे मला." मी तुला दोन वर्षं द्यायला तयार होते.

उन्हात फिरू नकोस. गोळ्या घे. पत्राचं उत्तर दे, चार ओळी चालतील.

तुझी सरू

पुणे, २४ मे २०१९

दादा,

वहिनीने सांगितलं, पत्र आलं, पण तू ते न फोडता पत्र्याच्या पेटीत टाकलंस. मी हेही लिहितेय. पेटी काही इतक्यात भरत नाही.

तिनं असंही सांगितलं की तू दुसऱ्यांच्याही जनावरांचा चारा गाडीतून उतरवतोस, भर दुपारी, उघड्या अंगानं. लोक म्हणतात, कबड्डीवाला हाय, ताकद उतू चालली. दादा, डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते तू माझ्याइतकंच नीट ऐकलंस. दोन्ही मूत्रपिंडं मिळून तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी काम करतात. जे गेलं ते परत येत नाही. उरलंय ते जपायचं. उन्हातलं कष्टाचं काम बंद, अंगदुखीच्या गोळ्या बंद, कबड्डी बंद. आणि उसाचं तर नावच नको. एवढं सगळं ऐकून तू लोकांच्या पेंढ्या उतरवतोस.

मला ते तक्त्याचं पुन्हा पुन्हा आठवतं. मोरीच्या खिडकीवर सकाळी चोवीस प्लास्टिकचे पेले रांगेनं, प्रत्येकावर खेळाडूचा नंबर. भिंतीवर रंगांचा तक्ता, एकपासून आठपर्यंत. एक म्हणजे पाण्यासारखं, आठ म्हणजे कोरा चहा. चारच्या वर गेला की जादा पाणी, सहाच्या वर गेला की त्या दिवशी मॅटवर उभं करायचं नाही. मायला मी अजून सांगितलेलं नाही की तिची शिकलेली लेक पुण्यात जाऊन लोकांचं मूत बघते. वजनं घेते म्हणून सांगितलंय. तेही खरंच आहे.

तुझा पेला पहिल्या दिवसापासून सातचा होता. मी तुला बाजूला घेऊन विचारलं. तू हसलास.

"अगं उन्हाळी हाय. न्हानपणापासून हाय. त्यात काय लिवायचं? शहरातल्या मानसाला उन्हाळी म्हंजी काय ठावं, उगं दवाखाना करत बसतील."

मलाही ते पटलं, दादा. हे मी तुझ्या मनासाठी लिहीत नाही, मला खरंच पटलं. आपल्यात उन्हाळी कुणाला लागत नाही? फाल्गुन लागला की पालापालात तेच, लघवीला जळजळ. धने-जिरे भिजत घालायचे, बेंबीत एरंडेल सोडायचं, तळपायाला कांदा चोळायचा. माय फडात दिवसभर पाण्याला तोंड लावायची नाही, कारण पाणी प्यायलं की आडोसा शोधायला लागतो आणि तोडलेल्या उसात आडोसा कुठला. वहिनीही तसंच करते. तू पोरगा असूनही दोन घोट घेऊन झाकण लावायचास, मागं राहिलेल्यांना पुरावं म्हणून. इथं पाणी मुबलक होतं तरी तू दोनच घोट घेऊन झाकण लावत होतास. बाटली परत देताना मला वाटायचं, बघा, आमचा दादा कसा काटकसरी.

म्हणून मी सातच्या जागी तीन लिहिलं. आजार लपवला असं त्या वेळी माझ्या मनातसुद्धा आलं नाही. शिंक आली तर कोण लिहून ठेवतं? खोलीवर येऊन तुझ्यासाठी धने-जिरे भिजवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन लिहायचे. सत्तावीस दिवस मी तीन लिहिले.

डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात कुणाला मूत्रपिंडाचा त्रास? मी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी, जेवताना, मला अण्णांचे पाय आठवले. शेवटच्या वर्षी चपलेत मावत नव्हते. माय म्हणायची वात आहे. चेहरा सकाळी सुजलेला असायचा, अण्णा म्हणायचे झोप लई झाली. सत्तेचाळीसचे होते अण्णा. कारखान्यावरच गेले. आपण सगळ्यांना सांगितलं, कामाने थकला माणूस.

तुला राग कशाचा आलाय ते मला ठाऊक आहे. मी डॉक्टरांना उसाचं सगळं सांगितलं, बाराव्या वर्षापासून तोडतोस, संध्याकाळी अंगदुखीची गोळी घेतोस. ते सांगायला नको होतं असं तुला वाटतं. सांगावंच लागलं असतं.

सरू

पुणे, २ जून २०१९

दादा,

मागच्या पत्रातला शेवट खोटा आहे. तू पेटी उघडून वाचलं नसशील तर ते पत्र वाचूच नकोस, हे वाच.

तुला राग उसाचा आलेला नाही. तुला राग आलेला नाहीच कदाचित. राग आलेला माणूस निदान भांडतो.

नऊ मेला तू पत्र्याच्या हॉलमध्ये चढाई करून परत येताना खाली बसलास. पोटऱ्या वळल्या होत्या, उलटी झाली, नंतर तुला माणसं ओळखू येईनात. पंडित सरांनीच तुला उचलून गाडीत घातलं. दुसऱ्या दिवशी सर माझी वही घेऊन दवाखान्यात आले. तू जागा होतास, हाताला सलाईन. मी पायथ्याशी उभी होते. सरांनी वही उघडली आणि बोट फिरवत गेले, तीन, तीन, तीन.

"सरस्वती, रक्ताचा रिपोर्ट एक सांगतो आणि ही वही दुसरंच. हे आकडे कसे आले?"

दादा, मला त्या क्षणी काय झालं ते मी रोज आठवून बघते. मला डोळ्यांसमोर स्टँड दिसला. परतीची बस दिसली. कॉलेजात सगळ्यांना सांगून आले होते, सुंदररावांनी छावणीत लोकांसमोर पेढा दिला होता, आपल्या गावची पोरगी मोठ्या संघात कामाला चालली म्हणून. हे सगळं एका मिनिटात माझ्या डोक्यात आलं, आणि तू माझ्यासमोर अंथरुणावर पडलेला होतास, तुझं काही डोक्यात आलं नाही.

मी म्हणाले, "सर, मला जो पेला ठेवलेला दिसायचा, त्याचा रंग मी लिहायचे. दादानं दुसऱ्याचा पेला स्वतःच्या नंबरावर ठेवला असेल."

सरांनी तुझ्याकडं बघितलं. तू माझ्याकडं बघितलंस. फार वेळ नाही. मग छताकडं बघत म्हणालास, "व्हय सर. मीच ठेवत व्हतो दुसऱ्याचा. हिला काय ठावं न्हाई."

बस. एवढंच बोलून तू डोळे मिटलेस. तुझं तसंही खेळणं बंदच झालं होतं, पण आजारी पडलेल्या खेळाडूला संघ निरोप देतो आणि लबाडी केलेल्याला नुसतं काढतो. तुझं नाव यादीतून गेलं तेव्हा पुढं 'दिशाभूल केली' असं लिहिलं. पोरं तुझ्या खोलीत निरोपाला आली नाहीत. युसूफ वडगाव या गावच्या मैदानात कारखान्याच्या संघाकडून खेळताना सहा जणांना एका चढाईत शिवून आला होतास, तेव्हा ज्यांनी तुला खांद्यावर घेतलं, त्यातलाच एक, आता याच संघात असलेला, मला म्हणाला, तुझा भाऊ असा निघंल असं वाटलं नव्हतं. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं तुझ्या लाजेनं घातली.

आणि मी अजून रोज सकाळी साडेपाचला काट्यापाशी बसते. माझ्या वहीचं सर कौतुक करतात.

लहानपणी वहाणा हरवल्या माझ्या, तर मार तू खायचास. मला त्याची सवय लागली असेल. पण तेव्हा मी सात वर्षांची होते.

सरू

पुणे, ११ जून २०१९

दादा,

सरांना सांगितलं. काल सकाळी, वजनं संपल्यावर. आधी घोकलेलं सगळं विसरले आणि एकदम म्हणाले, सर, पेला त्याचाच होता, सातचा होता, तीन मी लिहिलं.

सर ओरडतील असं वाटलं होतं. ते खुर्चीवर बसले. मग वहीची पानं उलटत बोलले.

"मला कुणाच्या पोटात शिरून बघता येत नाही, सरस्वती. माझ्याकडे फक्त आकडे असतात. तू तीन लिहिलंस म्हणून मी त्याला रोज दुपारच्या सरावाला उभा केला. सत्तावीस दिवस. तिसऱ्याच दिवशी सात वाचलं असतं, तर रक्त तपासलं असतं."

मी विचारलं, तेव्हा कळलं असतं तर वाचलं असतं का काही? ते म्हणाले, थोडंफार. किती ते डॉक्टरच सांगू शकतील. मी डॉक्टरबाईंना विचारायला गेले नाही. मला ऐकायचं नव्हतं.

मग उन्हाळी म्हणजे काय ते मी त्यांना समजावून सांगितलं. फडातलं, पालातलं, मायचं, एरंडेलचं. त्यांनी सगळं लिहून घेतलं, आणि मला प्रमाणपत्र मिळणार नाही असंही सांगितलं. ते बरोबरच आहे. तीस जूनपर्यंत राहायचं असेल तर राहा, पेले धू, वही दुसरा लिहील, असं म्हणाले. मी राहतेय. पेले धुण्याचं काम मला बरं वाटतं. तुझ्या नावापुढचे ते दोन शब्द त्यांनी माझ्यासमोर खोडले आणि सही केली. संध्याकाळी सगळ्या खेळाडूंना बसवून खरं काय ते मला सांगायला लावलं. ते मी सांगितलं. तुझा तो वडगावचा मित्र उठून बाहेर गेला. त्याचा फोन आला तर घे.

हे सगळं सांगून मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. रात्री वहिनीचा फोन आला.

तिनं आनंदाच्या सुरात सांगितलं की बंकट मुकादम छावणीत आला होता आणि दिवाळीनंतरच्या तोडीला तुम्हा दोघांचा, नवरा-बायकोचा मिळून, एक कोयता पक्का केला. "घरी आल्यापासून ह्यांचं तोंड उतरलंतं, आता जरा बोलायला लागले," असं म्हणाली. तुला शब्द दिलेला होता. मी म्हटलं, बरं झालं वहिनी.

फोन ठेवल्यावर मी माझ्या स्वतःच्या वहीच्या मागच्या पानावर ते तीन शब्द लिहून बघितले, बरं झालं वहिनी. हे पुन्हा तीनच लिहिणं झालं, दादा. सातच्या जागी तीन.

तू जाऊ नकोस. तू सहा महिने फडात गेलास तर परत येशील की नाही हे मला माहीत नाही, आणि तुलाही माहीत नाही, आणि तुला ते माहीत नाही याचं काही वाटत नाही असं मला दिसतं. कबड्डी गेली म्हणजे सगळं गेलं असं ठरवून तू कोयता धरतोयस. दोन वर्षं दे म्हणाला होतास. आता मी मागते. दोन वर्षं दे. माझं शेवटचं वर्ष राहिलंय, सुंदरराव दूध संस्थेत काट्यावर माणूस शोधताहेत, सावलीतलं काम आहे. मी त्यांच्याशी बोलते.

उत्तर दे. नुसतं न्हाई जात, एवढं लिही.

सरू

पुणे, १८ जून २०१९

दादा, आणि कौशल्या वहिनी,

हे पाकीट मी वहिनीच्या नावावर टाकलंय, म्हणजे ते पेटीत जाणार नाही. वहिनी, तू सातवीपर्यंत शिकलीस, तुला वाचता येतं. मायसमोर बसून मोठ्यानं वाच. दादा उठून चालला तर मागं जाऊन वाच.

दादा, मी शब्द मोडतेय. शिव्या द्यायच्या तर घरी आल्यावर दे.

वहिनी, त्याला ऊन लागलं नव्हतं. त्याची मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत. पार्सलमधून आलेल्या पिशवीत डॉक्टरांचा कागद आहे, पिशवी त्यानं कुठं ठेवली असेल तर पेटीच्या तळाला बघ. तो तोडीला गेला तर तिथं जे अण्णांचं झालं तेच होईल. माय, अण्णांना वात नव्हता. अण्णांनाही हेच होतं. आपल्याला कुणी सांगितलं नाही आणि आपण कुणाला विचारलं नाही.

संघातून त्याला लबाड म्हणून काढलं, ती लबाडी त्याची नव्हती, माझी होती. त्यानं माझ्यासाठी स्वतःवर घेतली. आधीच्या पत्रांत सगळं लिहिलंय. ती पत्रंही पेटीत आहेत. ती फोडा आता.

सोबत रंगांचा तक्ता पाठवते. इथला जुना आहे, कोपरे फाटलेत, पण रंग ठीक आहेत. छावणीतल्या पालाला आतून चिकटवा. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा, पांढऱ्या भांड्यात, उजेडात बघायचं.

दादा, तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. अण्णांनी पहिला मोबाइल घेतला तेव्हाचं आठवतं का? माय-अण्णा कारखान्यावर, आपण दोघं दगडामावशीकडं. बॅलन्स नसायचा, म्हणून अण्णा संध्याकाळी एक मिस कॉल द्यायचे, म्हणजे आम्ही बरे आहोत. दोन दिले तर पोरं बरी आहेत का ते कळवा. आपण दोघं मावशीचा फोन हातात धरून बसायचो, आणि तो तुझ्याच हातात असायचा.

तसंच कर. रोज सकाळी जो रंग असेल तितके मिस कॉल दे. बोलायचं नाही, उचलायचं नाही. पण खरा आकडा दे. मी खोटं लिहिलं, तू माझ्यासारखं करू नकोस.

सरू

पुणे, ३० जून २०१९

दादा,

हे पत्र टपालात टाकत नाही, सोबतच आणते. बस साडेनऊची आहे. माझी बॅग भरून झालीय आणि अजून वेळ आहे, म्हणून लिहितेय. तोंडानं मला हे सांगता येणार नाही.

पाकीट पोचल्याचं वहिनीने तेवीसला कळवलं. तिनं काय केलं तेही सांगितलं. तिनं पत्र वाचलं, पेटी रिकामी केली, उरलेली पत्रंही वाचली, आणि दोन्ही कोयते घेऊन नांदूरघाटला बंकट मुकादमाच्या दारात ठेवून आली. आमचा कोयता धरू नका म्हणून सांगितलं. तू गोठणीवर जनावरांत जाऊन बसलास आणि दिवसभर जेवला नाहीस, हेही सांगितलं. माय अण्णांच्या जुन्या वहाणा काढून मांडीवर घेऊन बसली. हे सगळं घरात मीच आणलं.

मग सहा दिवस मी सकाळी फोन घेऊन बसत होते. कुणीच काही दिलं नाही. मी ठरवलं होतं की आज निघायचंच, तुझं काही आलं नाही तरी.

आज पावणेसहाला शेवटचे पेले धूत होते. फोन ओट्यावर होता. वाजला आणि थांबला. तुझं नाव.

मी ओल्या हातानं तसाच धरून उभी राहिले. दुसरा आला. तिसरा. तिसऱ्यानंतर थोडा वेळ गेला आणि मला वाटलं झालं, तीन, आणि मनात आलं की हा खोटं सांगतोय, माझाच भाऊ आहे. मग चौथा आला. पाचवा. सहावा आला तेव्हा मी पुरे म्हणाले, मोठ्यानं, मोरीत एकटीच. सातवा आला. आणि थांबला.

मी रडले, दादा. सात म्हणजे काय ते मला माहीत आहे. पण तू मला खरं सांगितलंस. अडीच महिन्यांपूर्वी तू जे सांगितलंस आणि मी जे लिहिलं, ते दोन्ही पुसून तू पुन्हा पहिल्यापासून सांगितलंस. माझ्या स्वतःच्या वहीत मी तुझं नाव लिहिलं आणि पुढं सात लिहिलं.

वही मिटत होते तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. मला वाटलं आठवा. पण नाव तुझं नव्हतं, वहिनीचं होतं. उचलणार होते, तोवर थांबला. परत वाजला, परत थांबला. काही तरी झालं असणार असं वाटून मी परत फोन लावणार, तेवढ्यात तिसरा आला, आणि मग मला कळलं ती काय करतेय. वहिनीचे सहा.

थोडा वेळ काहीच नाही. मग त्याच नंबरावरून पुन्हा सुरू झालं. या वेळी सावकाश, दोन कॉलमध्ये मोठं अंतर, दुसऱ्याचा फोन ज्याला नीट चालवता येत नाही असं माणूस लावतंय तसं. मायला हिरवं बटण सापडत नाही. पाचापर्यंत मी उभी होते. सहाव्याला खाली बसले. सात झाले, आणि मी फोनकडं बघत राहिले, आणि बऱ्याच वेळानं आठवा आला.

तुझ्या नावाखाली मी दोन नावं लिहिली, कौशल्या आणि माय, आणि पुढं आकडे लिहिले. खरे लिहिले. मग पंडित सरांना गाठलं आणि वही दाखवली. ते म्हणाले, तिघांनाही घेऊन ये, डॉक्टरबाईंची तारीख मी घेतो.

साडेनऊच्या बसने निघतेय. संध्याकाळी पोचेन. मायला पाणी प्यायला सांग. आडोशाचं मी बघते.

सरू